एक-चौदाच्या उताऱ्यात नसलेला शब्द

गोव्यात जमिनीच्या जाहिराती वाचताना एक शब्द चुकत नाही. ‘पेडणे तालुक्यात ४०० चौरस मीटर सेटलमेंट प्लॉट विकणे आहे.’ घेणारा पहिला प्रश्न त्याच शब्दात विचारतो, दलाल उत्तरही त्याच शब्दात देतो, आणि व्यवहाराशी काडीचा संबंध नसलेला, बाजूला उभा असलेला तिसरा माणूस म्हणतो, ‘सेटलमेंट आहे ना? मग झालं तर!’

पण ज्या कागदावर गोवेकराचा सगळ्यात जास्त भरवसा, त्या एक-चौदाच्या उताऱ्यात हा शब्द शोधूनही सापडत नाही. महाराष्ट्रात सात-बारा, तसा आपल्याकडे नमुना १ व १४. त्यात सर्व्हे नंबर असतो, पोटविभाग असतो, शेताचं नाव असतं, कब्जेदार, कूळ आणि इतर हक्क यांचे रकाने असतात. जमिनीचे प्रकारही असतात: जिरायत, बागायत, तरी (भाताची जमीन), खाजन (खाडीकाठची, बांध घातलेली), केर, मोरड, आणि नापिकात पोटखराब. ही सगळी नावं कसणाऱ्याच्या तोंडची आहेत. ‘सेटलमेंट’, म्हणजे घरवस्तीसाठी ठेवलेला भाग, हा शब्द येतो दुसऱ्या खात्याकडून, दुसऱ्या नकाशावरून, आणि त्याचा अर्थ ‘झालं तर’ असा मुळीच नाही.

खरी गडबड त्या ‘झालं तर’मध्ये आहे. इंग्रजी शब्द मराठीत आले म्हणून गळा काढण्याचं कारण नाही. बस, पेन, तिकीट यांनी आपलं काही बिघडवलं नाही. बिघडतं कधी, तर शब्द येतो आणि त्याची व्याख्या तिकडेच राहते. ‘सेटलमेंट’चं तसं झालं आहे. गोव्यात तर या एका शब्दावर जमिनीची किंमत ठरते, म्हणून इथे तो भाषेच्या आवडीनिवडीचा विषय उरत नाही. सरकारने जमिनीच्या कागदांत आणि नोटिसांत हा शब्द एकटा वापरणं थांबवावं, आणि प्रत्येक वेळी काय आहे नि काय होणार आहे ते मराठी-कोकणीत उघड लिहावं, असं आमचं म्हणणं आहे.

आधी शब्दाकडे पाहू. जुन्या इंग्रजीत याच्या मुळाशी आहे ते बसायचं आसन. पाठ असलेल्या लांब लाकडी बाकाला इंग्रजीत अजूनही ‘सेटल’ म्हणतात. पुढे ‘समेट करणे’ अशा अर्थाचं एक निराळंच जुनं क्रियापद सारख्या उच्चारामुळे त्यात मिसळलं. त्यामुळे बसणं आणि मिटणं एकाच शब्दात नांदू लागलं. आपलं ‘बसणे’ही काही कमी नाही म्हणा. धंद्याचा जम बसला म्हणजे बरं झालं, आणि नुसता धंदा बसला म्हणजे वाटोळं झालं! पण मराठीने बाकीची कामं वाटून दिली होती. माणूस परगावी स्थायिक होतो, पोरगा मार्गी लागतो, भांडण मिटतं, दाव्यात तडजोड होते, उधारी चुकती होते, पाया खचतो, सरकार जमाबंदी करतं, आणि माणसं राहतात ती वस्ती किंवा वाडा. आठ गोष्टींना आठ शब्द. आता या आठही ठिकाणी ‘सेटल’ चालतो. लिंग बदलून अर्थ वेगळा ठेवायची धडपड मात्र बोलणारे अजून करतात. ‘सेटलमेंट झाली’ म्हटलं की बहुतेकदा पडद्यामागची तडजोड, ‘सेटलमेंट आलं नाही’ म्हटलं की दुकानदाराचे क्यूआरवर भरलेले पैसे बँकेत पोचले नाहीत, आणि ‘त्याला सेटल केला’ म्हटलं की कुणाचं तरी तोंड पैशाने बंद केलं. भाषा जिवंत आहे, हे मान्यच.

इंग्रजी कायदा मात्र हा शब्द असा मोकळा सोडत नाही. गोव्यातल्या हजारो घरांना हे अनुभवाने कळलेलं आहे. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेल्यांना ब्रेक्झिटनंतर ‘सेटल्ड स्टेटस’साठी अर्ज करावा लागला, त्या देशात आधीपासून राहणाऱ्यांसाठी मुदत होती ३० जून २०२१. सलग पाच वर्षं राहिल्याचं सिद्ध झालं तर ‘सेटल्ड’, त्याहून कमी असेल तर ‘प्री-सेटल्ड’. आणि ‘सेटल्ड’ झालेला माणूस सलग पाच वर्षांहून जास्त काळ देशाबाहेर राहिला तर तो दर्जाही जातो. इथे आजी शेजारणीला सांगते, ‘नातू लंडनात सेटल झाला’, आणि तिकडे नातवाच्या हातात ‘प्री-सेटल्ड’चा ईमेल असतो. दोघंही खरं बोलत असतात. नातवाला त्या शब्दाची अट माहीत आहे, एवढाच फरक.

बँकेतही तेच. कर्ज थकलं की बँक ‘वन टाइम सेटलमेंट’ देऊ करते. समजा पाच लाख देणं आहे आणि तीन लाखांवर मिटलं. कर्जदाराला वाटतं, सुटलो. पण पतअहवालात त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो, आणि पुढचं कर्ज देणारा तो ‘पूर्ण फेडलं नाही, बँकेने काही रक्कम सोडली’ असा वाचतो. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ असतं. म्हणजे जो शब्द आपल्या कानाला सुटकेचा वाटतो, तोच अहवालात डाग असतो. बँकेच्या कारकुनाने ‘एकरकमी तडजोड’ म्हटलं असतं, तर ‘तडजोड’ या शब्दानेच कर्जदाराच्या मनात शंका आली असती. विम्यातल्या ‘क्लेम सेटलमेंट रेशो’चीही थोडी अशीच कथा: आयुर्विमा कंपन्यांची ती टक्केवारी दाव्यांच्या संख्येवर काढतात, रकमेवर नव्हे. लाखाचा दावा दिला आणि कोटीचा नाकारला, तर दोनातला एक दिला म्हणून पन्नास टक्के.

हे सगळं वैयक्तिक नुकसानीचं झालं. जमिनीत मात्र गाव गुंततं.

गोवा सरकारच्या दोन खात्यांत हा शब्द दोन अर्थांनी वावरतो, आणि ते क्वचितच कुणी सांगतं. एक खातं ‘सेटलमेंट अँड लँड रेकॉर्ड्स’चं, ज्याला लोक सरळ सर्व्हे ऑफिस म्हणतात. तिथला ‘सेटलमेंट’ म्हणजे जमाबंदी: कुठली जमीन कोणाची, किती, आणि तिचा सारा किती हे ठरवणं. महाराष्ट्रात या पदाला ‘जमाबंदी आयुक्त’ असं स्वच्छ नाव आहे. इंग्रजांनी १७९३ साली बंगालात ‘पर्मनंट सेटलमेंट’ केलं तेही याच अर्थाने. दुसरं खातं नगरनियोजनाचं. त्याच्या प्रादेशिक आराखड्यात ‘सेटलमेंट’ म्हणजे घरवस्तीसाठी ठेवलेला भाग. सर्व्हे ऑफिसातून आणलेला नकाशा दाखवून ‘हे बघा, सेटलमेंट खात्याचा शिक्का’ असं कुणी म्हणालं, तर त्या शिक्क्याने एवढंच सांगितलेलं असतं की या आकाराचा एक तुकडा अस्तित्वात आहे. तिथे घर बांधता येईल की नाही याबद्दल तो शिक्का मुका असतो.

आता वस्ती क्षेत्राचंच पाहू. आराखड्यात एखादी जमीन ‘सेटलमेंट’ असणं म्हणजे घर बांधण्यासाठी अर्ज करायला दार उघडं असणं. अर्ज मंजूर होणं हे फार पुढचं. या मधल्या वाटेवर काय काय आहे ते जमीन विकणारे सहसा बोलत नाहीत.

पहिली गोष्ट, सर्व्हे नंबर सगळाच्या सगळा वस्ती क्षेत्रात असतो असं नाही. नकाशातली रंगाची रेघ कित्येकदा तुकड्याच्या मधून जाते. अर्धा भाग वस्ती, अर्धा ‘ऑर्चर्ड’ किंवा भातशेती. रेघेची जाडीही लहान गोष्ट नव्हे. नकाशा १:५००० प्रमाणात असेल तर एक मिलिमीटरची रेघ जमिनीवर पाच मीटर झाकते. २० मीटर रुंद प्लॉटचा तो पाव भाग झाला. म्हणून तोंडी ‘पूर्ण सेटलमेंट’वर न जाता तालुक्याच्या नगरनियोजन कार्यालयातून त्या सर्व्हे नंबर आणि पोटविभागासाठी झोनिंगचा दाखला घ्यावा, आणि त्यात किती चौरस मीटर कुठल्या क्षेत्रात हे आकड्यात लिहून मागावं. शहरी भाग असेल तर प्रादेशिक आराखड्याऐवजी बाह्यविकास आराखडा, म्हणजे ओडीपी, लागू असू शकतो, आणि मग दार पीडीएचं, म्हणजे नियोजन व विकास प्राधिकरणाचं.

दुसरी, एक-चौदाचा कुळाचा रकाना. तिथे नाव असेल तर आराखड्यातला रंग कुठलाही असो, व्यवहार जागीच थांबवावा. कूळ कायद्याखाली कुळाच्या मालकीची झालेली जमीन शेतीशिवाय अन्य कामाला वापरता येत नाही, हे १९९१च्या भूवापर कायद्याने घातलेलं बंधन आहे. इतर हक्कांच्या रकान्यात मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, असू शकतो, वाट असू शकते. कब्जेदारांच्या रकान्यात सात नावं असतील तर विकणारा त्यातल्या एका अविभाजित हिश्श्याचा धनी असतो, दाखवलेल्या कोपऱ्याचा नव्हे. शिवाय गोव्याच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता साधारणपणे सामाईक, त्यामुळे सातांबरोबर त्यांच्या जोडीदारांच्याही सह्या लागतात. यातलं काहीही ‘सेटलमेंट’ या शब्दाने मिटत नाही.

तिसरी गोष्ट सनद. शेतीच्या जमिनीचा वापर बदलायचा तर १९६८च्या जमीन महसूल संहितेच्या ३२व्या कलमाखाली जिल्हाधिकाऱ्यांकडून सनद घ्यावी लागते. त्यासाठी मामलेदार, नगरनियोजन, वन अशा खात्यांचे अहवाल जातात, आणि चौरस मीटरवर शुल्क बसतं. वस्ती क्षेत्रातल्या जमिनीलाही सनद लागते. नंतर नगरनियोजनाची तांत्रिक मान्यता, मग पंचायतीचा किंवा पालिकेचा बांधकाम परवाना, आणि बांधून झाल्यावर राहायला जाण्याचा दाखला. नदीकाठी वा समुद्राजवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीचे नियम, वेगळे. आणि किती बांधता येईल तेही गावाच्या वर्गावर. आराखड्यात पहिल्या वर्गाच्या पंचायतींत एफएआर, म्हणजे प्लॉटच्या शेकडा किती बांधता येईल ते प्रमाण, ८०, दुसऱ्या वर्गाच्या ६०. म्हणजे त्याच ४०० चौरस मीटर ‘सेटलमेंट’वर एका गावात सगळे मजले धरून ३२० चौरस मीटर, दुसऱ्यात २४०. जाहिरातीत दोन्हीकडे शब्द एकच.

हे झालं आधीपासून वस्ती क्षेत्रात असलेल्या जमिनीचं. खरा वाद नव्याने ‘सेटलमेंट’ होणाऱ्या जमिनींचा आहे. २००६ साली अधिसूचित झालेला प्रादेशिक आराखडा २०११ लोकांच्या उठावामुळे २००७मध्ये मागे घ्यावा लागला. त्यानंतर आला आराखडा २०२१. त्यात भातशेती, खाजन, जंगल, पाणवठे अतिसंवेदनशील भागात टाकले, आणि बागायत, लागवडीयोग्य जमीन, मिठागरं त्याखालच्या दर्जात. मग नगरनियोजन कायद्यात एकेक कलम घालून आराखड्यातली जमीन एकेका अर्जावर बदलण्याची सोय होत गेली: २०१८मध्ये १६(ब), २०२३मध्ये १७(२), २०२४मध्ये ३९(अ). यातलं १७(२) तर आराखड्यातल्या ‘चुका दुरुस्त’ करण्यासाठी होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५मध्ये त्याखालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं रद्दबातल ठरवली.

या बदलांच्या याद्या राजपत्रात येतात. तालुका, गाव, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, आणि शेवटच्या रकान्यात इंग्रजीत ‘पॅडी फील्ड टू सेटलमेंट’ किंवा ‘ऑर्चर्ड टू सेटलमेंट’. वाचणाऱ्याला काय कळतं? एका रंगाचा दुसरा रंग झाला, एवढं. ‘ऑर्चर्ड’ म्हणजे काजूची टेकडी आहे की नारळाचं भाट, की डोंगराचा उतार, हे कळत नाही. आणि ‘सेटलमेंट’ म्हणजे एक घर की दोनशे सदनिका, तेही नाही. मुळात या शब्दाचा सूरच असा की आधी काहीतरी विस्कटलेलं होतं, ते आता जागेवर बसलं. भातशेत काय विस्कटलेलं असतं? सरदाच्या (पावसाळी) आणि वायंगणाच्या (हिवाळी) पिकाला ते आपल्या जागी बसलेलंच असतं.

यातला उपरोध पाहायचा तर बांधकामाच्या साइटवर जावं. इंजिनिअरच्या भाषेत ‘सेटलमेंट’ म्हणजे पाया खचणं, आणि सखल शेत भरून केलेल्या वस्ती क्षेत्रात हा दुसरा ‘सेटलमेंट’ पहिल्याच्या मागोमाग येतो. शेताखालची चिकणमाती पाणी धरून असते. वर दोन मीटर लाल मातीचा भराव पडला की त्या वजनाने आतलं पाणी हळूहळू बाहेर ढकललं जातं आणि थर दबतो. हे काम एका पावसात होत नाही, वर्षानुवर्षं चालतं. भराव २०-३० सेंटीमीटरच्या थरांत, प्रत्येक थर ओला करून रोलर फिरवून घातला तर निदान भराव तरी घट्ट होतो. पण टिपर रिकामे करून वरून एकदा जेसीबी फिरवला की भरावही दबतो आणि खालची मातीही. सगळं घर सारखं खाली गेलं तर फारसं बिघडत नाही. एक कोपरा जुन्या बांधावर आणि दुसरा शेताच्या मधोमध असला की फरक पडतो, आणि तीन मीटरच्या अंतरात एक सेंटीमीटरचा फरक भिंतीला तड जायला पुरतो. चिऱ्याच्या भिंतीत ही तड सांध्यांतून जिन्यासारखी पायऱ्या-पायऱ्यांनी चढते, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघते. प्लास्टरने ती बुजवणं म्हणजे दुखण्यावर पावडर लावणं.

आणि भराव टाकलेल्या शेतात जे पाणी पूर्वी मावायचं ते शेजारच्या वाड्यात जातं. म्हणूनच सखल जमीन बुजवायला आणि डोंगर कापायला नगरनियोजन कायद्याच्या १७(अ) कलमाखाली वेगळी परवानगी लागते. वस्ती क्षेत्र आहे म्हणून ती मिळाली असं होत नाही. हेही त्या ‘झालं तर’मध्ये वाहून जातं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. लोकांना ‘सेटलमेंट’ कळतो; सरकारी मराठी केलं तर ‘भूवापर परिवर्तन प्रस्ताव’ असं काहीतरी निघेल, जे इंग्रजीहून कठीण. खरं आहे. सरकारी मराठीने लोकांना इंग्रजीकडे ढकलण्यात मोठी कामगिरी बजावली आहे. ‘वसाहत क्षेत्र’ असा प्रतिशब्द कुणी काढला तर त्याहून वाईट. साडेचारशे वर्षं वसाहत म्हणून काढलेल्या मुलखात तो शब्द भलत्याच आठवणी जागवील. पण उत्तर दूर शोधायला नको. नमुना १ व १४ उघडून पाहावा. तो दुभाषी आहे. इंग्रजी ‘राइस’पुढे ‘तरी’, ‘गार्डन’पुढे ‘बागायत’, ‘असेसमेंट’पुढे ‘आकार’ छापलेलं आहे, आणि पोर्तुगीज अमलातला ‘फोर’ हा जमिनीचा खंडही त्यात तसाच ठेवला आहे. तो नमुना तयार करणाऱ्याने नवे शब्द पाडले नाहीत, गावात होते ते उचलले. ते खाजन-मोरड आजही तसेच चालू आहेत. महसूल खात्याला जे जमलं ते नगरनियोजन खात्याला का जमू नये? १९८७च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि मराठीच्या सरकारी वापराची तरतूद आहे. आराखड्याचा नकाशा आणि बदलाच्या याद्या त्यातून वगळाव्यात असं कायदा कुठे म्हणत नाही.

‘लोकांना कळतो’ या म्हणण्यात आणखी एक गफलत आहे. लोकांना शब्द ओळखीचा आहे. ओळखीचा शब्द प्रश्न विचारू देत नाही, हीच त्याची अडचण. ‘तांत्रिक मान्यता’ ऐकलं की माणूस निदान विचारतो, हे काय असतं? ‘सेटलमेंट’ ऐकलं की मान हलवतो.

तेव्हा यादीतली ओळ अशी असावी. ‘सर्व्हे नंबर अमुक, पोटविभाग तमुक. एकूण ३,२०० चौ. मी. सध्या भाताची (‘तरी’) जमीन, सरदाचं पीक घेतलं जातं, पावसात पाणी साठतं. यातली २,४०० चौ. मी. घरवस्तीसाठी मोकळी करावी असा मालकाचा अर्ज आहे. मंजूर झाल्यास एफएआर ६० प्रमाणे सगळे मजले धरून १,४४० चौ. मी. बांधकाम होऊ शकेल. कूळ नाही. पोचरस्ता इतक्या मीटरचा. हरकत असल्यास ३० दिवसांत लेखी द्यावी.’ एवढा मजकूर पंचायतीच्या फळ्यावर अर्ध्या पानात मावतो, आणि ग्रामसभेत तो मोठ्याने वाचायला तीन मिनिटंही लागत नाहीत.